पहिलं रीळ

तो सिनेमा आमच्या घरानं दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा पहिलं रीळ चुकवून पाहिला. त्यामुळे जो सिनेमा पाहून आमचं अख्खं लष्कर शहर पोट धरून हसत होतं, तो पाहून आम्ही डोळे पुसत घरी आलो.

सिनेमा विनोदी आहे आणि त्यात खुनाची भानगडही आहे, एवढं टॉकीजबाहेर लावलेल्या चित्रावरून कळत होतं. चित्रात एक बँडवाला भलामोठा ढोल पोटाशी धरून पळत होता आणि ढोलातून कुणाचा तरी पाय बाहेर आला होता. सासूबाई म्हणाल्या, "पाय कुणाचा ते बघायला हवं." म्हणून आम्ही निघालो.

खेळ तीनचा होता. आम्ही पोचलो साडेतीनला. टांगा मिळाला नाही किंवा कुणी आजारी पडलं, असं काही नव्हतं. आम्ही सगळे दोन वाजताच तयार होऊन बसलो होतो. पण आमच्या घरात तयार होणं वेगळं आणि निघणं वेगळं.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, पूर्वी दरबारात होते. त्यांच्याकडे बैठकीचं दफ्तर होतं. दरबारात कोण कुठे बसणार, कोण आधी आत येणार, कोण नंतर, याची यादी त्यांनी सांभाळायची. लहान मानाची माणसं आधी येऊन बसत, मोठ्या मानाची मागून, आणि सगळ्यांत मोठी सगळ्यांच्या शेवटी. शिवाय मोठ्या माणसानं आपणहून यायचं नाही. त्याला बोलावणं जायचं, मगच तो उठायचा. या एका गोष्टीवर मामंजींचं आयुष्य गेलं, आणि त्यांनी ते नीट केलं, यात शंका नाही.

मी या घरात आले आणि दोन वर्षांत संस्थान विलीन झालं. दरबार संपला. बैठक संपली. यादी मात्र घरी आली. जेवायला कोण आधी बसणार, टांग्यात कोण कुठे, हळदीकुंकवाला कुणाच्या घरी किती उशिरा पोचायचं, सगळं मामंजी ठरवू लागले. आमच्या माधवगंज पेठेत आमच्या घरची माणसं वेळेवर आली तर लोकांना वाटायचं, काही वाईट बातमी आहे.

टॉकीजचंही तसंच. जुना मालक होता तोपर्यंत रविवारी त्याचा माणूस सायकलवरून यायचा, दारात उभा राहून म्हणायचा, "चलिये हुजूर, आपकी राह देख रहे हैं." मग मामंजी उठायचे, मग सासूबाई, मग आम्ही. आम्ही जाऊन बसलो की खेळ सुरू. पुढे टॉकीज दुसऱ्याच्या हातात गेली. नव्या मालकाला मामंजी कोण हे माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची त्याला हौसही नव्हती. तीनची घंटा झाली की तो दिवे घालवायचा. आमच्याकडे बोलावणं येणं बंद झालं. तरी मामंजी अर्धा तास वाट बघायचे. मग "आता जायला हरकत नाही," म्हणायचे, जणू बोलावणं वाटेत कुठेतरी अडलंय आणि आपण उदार मनानं त्याला माफ करतोय.

त्या रविवारी आम्ही अंधारात चाचपडत आत गेलो, तेव्हा पडद्यावर एक म्हातारा शेठ पांढऱ्या चादरीखाली निपचित पडला होता. त्याच्याभोवती सात-आठ नातेवाईक छाती पिटून रडत होते. सासूबाईंनी खुर्चीवर टेकायच्या आधीच डोळ्याला पदर लावला. मयत म्हटलं की त्यांना राहवत नाही, मग ते कुणाचंही असो. त्यांचं बघून माझ्या जाऊबाई रडू लागल्या. मीही दोन टिपं काढली, कारण थोरल्या रडत असताना धाकटीनं कोरडं बसणं बरं दिसत नाही.

आणि सगळी टॉकीज हसत होती. खालच्या बाकांवर लोक लोळायचे बाकी राहिले होते. एक भाचा प्रेताच्या पायावर डोकं आपटून रडला, तर शिट्ट्याच शिट्ट्या.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती वाक्य मराठीत सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. माझा पदर ओढून मोठ्यानं म्हणाली, "आई, सगळे हँस क्यों रहे हैं?"

मामंजी पुढच्या रांगेतून न वळता म्हणाले, "प्रजा बिघडली आहे. वर कुणी नसलं की मयतावरसुद्धा हसतात."

पुढे दोन तास हेच. तो बँडवाला, जो लग्नाचं घर समजून चुकून या मयताच्या घरात शिरला होता, तो ढोल घेऊन इकडून तिकडे लपत होता. कुणीतरी दुधात विष कालवत होतं. मेलेल्या माणसाच्या उशाशी कुणी दूध का ठेवावं, हे आम्हाला काही केल्या कळेना. सासूबाई म्हणाल्या, पितरांसाठी असेल. शेवटी सगळे नातेवाईक तिजोरीभोवती भांडत असताना तो मेलेला शेठ जिना उतरून खाली आला आणि म्हणाला, चहा आणा.

सासूबाई किंचाळल्या. नुसत्या किंचाळल्या नाहीत, उभ्या राहून रामरक्षा म्हणू लागल्या. खालची सगळी माणसं पडद्याकडे पाठ करून वर आमच्याकडे बघू लागली. कुणीतरी ओरडलं, "अम्माजी, शुरू से देखतीं तो न डरतीं!"

घरी आल्यावर वाद सुरू झाला. मामंजींचं मत पडलं की जिना उतरला तो शेठ नव्हे, त्याचा जुळा भाऊ. भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, म्हणाले की भूतच. जाऊबाई म्हणाल्या, रिळं उलटसुलट लावली असणार. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मत दिलं नाही. ते मत देत नसत. "आबा म्हणतात तसं असेल," एवढंच त्यांचं मत. पहिला अर्धा तास आपण पाहिलाच नाही, ही गोष्ट त्या घरात कुणाच्या डोक्यात आली नाही. मोठ्या माणसाच्या येण्याआधी काही महत्त्वाचं घडू शकतं, हेच कुणाला मान्य नव्हतं.

त्याच आठवड्यात तो कागद घरात आला.

संस्थान गेल्यावर मध्यभारत झाला होता, आणि हे त्याच्या कचेरीत कारकून होते. आता मध्यभारतही मोडून मोठा प्रांत व्हायचा होता आणि राजधानी भोपाळला जायची होती. लष्करातल्या घराघरांत तेव्हा एकच शब्द होता, भोपाळ. कचेरीनं प्रत्येकाला छापील कागद दिला होता. तो भरून, स्वतः हजर राहून, पुढच्या शनिवारी चारच्या आत द्यायचा. भोपाळला जायला तयार आहात काय, हाँ किंवा ना. जो कागद देणार नाही तो फाजील. फाजील म्हणजे नोकरीतून मोकळा.

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पण छापलेलं वाचता येतं. तो कागद मी दोनदा वाचला. मामंजींनी एकदाही वाचला नाही. त्यांनी तो दोन बोटांत धरला, पालथा करून पाहिला आणि विचारलं, "हा आणला कुणी?"

"कचेरीत सगळ्यांना वाटला, आबा."

"वाटला? प्रसाद आहे का वाटायला? कुणी माणूस आला होता घरी? निरोप घेऊन?"

"नाही आबा."

"मग हे बोलावणं नव्हे. आपण अर्ज घेऊन रांगेत उभे राहणारे नव्हेत. त्यांना गरज असेल तर माणूस येईल. आला की जा."

"बरं, आबा."

आणि कागद पगडीच्या पेटीखाली ठेवला गेला.

आमच्या घरात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. मध्यभारत झाला त्या वेळी भावजींनाही असंच हजर व्हायला सांगितलं होतं. ते पागेच्या दफ्तरात होते. तीन दिवस पगडी घालून ओसरीवर बसले, बोलावणं येईल म्हणून. चौथ्या दिवशी कळलं की ते फाजील झाले. तेव्हापासून ते घरी आहेत आणि घड्याळं दुरुस्त करतात. घरात अकरा घड्याळं होती. सगळी मिनिटाला मिनिट बरोबर चालत. तरी आम्ही कुठेच वेळेवर पोचत नव्हतो.

आता कमावते म्हणून एकटे हेच उरले होते. ह्यांचं गेलं की सगळं गेलं, हे सासूबाईंना कळत होतं, जाऊबाईंना कळत होतं. पण बोलणार कोण? मी तर चार माणसांत तोंड उघडायलाच घाबरते. लग्नात उखाणा घ्यायचा होता तेव्हासुद्धा मला घाम फुटला होता.

आणि खरं सांगायचं तर घराची काळजी एवढं एकच कारण नव्हतं. मला भोपाळ हवं होतं. भोपाळला सरकारी क्वार्टरं बांधताहेत, दोन खोल्या आणि पुढे चार हात अंगण, असं ऐकलं होतं. दोन खोल्यांत मानाप्रमाणे बसायला जागाच नसते. मी चुलीपाशी बसून त्या दोन खोल्या किती वेळा झाडल्या असतील!

दुसऱ्या रविवारी पुन्हा तोच सिनेमा. मामंजींना जुळ्या भावाचा निकाल लावायचा होता. पुन्हा दोनला तयार, पुन्हा साडेतीनला आत, पुन्हा शेठ चादरीखाली. सासूबाई पुन्हा रडल्या. मामंजींनी घरी येऊन सांगितलं, जुळाच आहे, नाक बघा. शनिवारला आता सहा दिवस होते आणि घरातले कर्ते पुरुष एका खोट्या माणसाच्या नाकावर बोलत होते.

शेजारच्या घरात शाळामास्तरांची बायको होती, हिंदी बोलणारी, माझ्याहून थोडी मोठी. तिच्याशी मात्र मी बोलायची, पाणी भरताना. तिला मी विचारलं की सिनेमात लोक मयतावर का हसतात. तिनं भरलेली घागर खाली ठेवली.

"भाभी, आपने पहला हिस्सा नहीं देखा?"

"आम्ही... ज़रा देर से जाते हैं."

"अरे राम! फिर तो आपने कुछ नहीं देखा. परसों चलिये मेरे साथ. घंटी से पहले."

मी घरी सांगितलं, पाटणकर बाजारात बांगड्या भरायला जाते. गुरुवार होता. दुपारी घर झोपतं. पावणेतीनला मी टॉकीजच्या दारात उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती जागा दारं उघडी असताना, दिवसाच्या उजेडात बघत होते. भिंती हिरव्या होत्या. मला कायम वाटायचं काळ्या आहेत.

दारावर तिकिटं फाडणारा एक उंच म्हातारा होता, पांढऱ्या कल्लेदार मिशांचा. माझं तिकीट फाडताना तो थांबला आणि खाली वाकून म्हणाला, "बाईसाहेब! आज तो घंटी से पहले?"

मी दचकले. मला वाटलं, पकडले गेले. मग तो म्हणाला, "माधवगंजवाले सरकार की छोटी बहू हैं न आप? मैं दरबार का चोबदार था. जितने नाम आपके ससुर अपनी फ़ेहरिस्त में लिखते थे, सब मैं ही पुकारता था."

इतकी वर्षं मामंजी याच्या समोरून आत जात होते. मला राहवलं नाही, मी हळूच विचारलं, "मामंजींनी तुम्हाला ओळखलं नाही?"

तो हसला. "बाईसाहेब, उन्होंने मेरी सूरत कब देखी? दरबार में भी नहीं देखते थे. सिर्फ़ आवाज़ सुनते थे."

दरबार मोडला त्याच महिन्यात तो या नोकरीला लागला होता. कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून येऊन विचारलं, बस.

घंटा झाली, दिवे गेले आणि मी पहिलं रीळ पाहिलं.

अगदी साधी गोष्ट होती. शेठ मेलाच नव्हता. नातेवाईक कसे आहेत हे बघायला त्यानं मरायचं सोंग घेतलं होतं, आणि हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. चादरीखाली जाण्याआधी तो नोकराला उशाशी दूध ठेवायला सांगतो आणि आपल्याकडे बघून डोळा मारतो. बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक, ठाऊक नाही ते फक्त रडणाऱ्यांना. आणि सगळी टॉकीज भरली असताना त्या रडणाऱ्यांत आम्ही जाऊन बसलो होतो.

पण मला हसू आलं नाही. मला मामंजी आठवले. पडद्यावरचा माणूस जिवंत आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आम्हालाच नाही. आणि बाहेर, दरबार मेला आहे हे सगळ्या लष्कराला माहीत होतं, टोपी बाजारातल्या फेरीवाल्यालासुद्धा, आणि आम्हालाच नाही.

आणखी एक गोष्ट त्या रिळात होती. शेठच्या मरणाची बातमी सांगायला त्याचा न्हावी जातो. नातेवाईक खुळे नाहीत, तरी एकही विचारत नाही की खरं कशावरून. कारण त्यांच्याकडे जन्म-मरणाची बातमी न्हाव्यानंच आणायची रीत. न्हावी आला म्हणजे खरं. तोंड ओळखीचं, रीत ओळखीची, मग पुढचं कोण तपासतो?

मध्यंतरात मी मास्तरीणबाईंना सांगितलं. मला एवढं सलग बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी बाहेर जाऊन चोबदाराला आमच्या रांगेपाशी बोलावलं आणि मी पदराआडून, अडखळत, शनिवारचं सांगितलं. कागदाचं, पेटीचं, भावजींचं, आणि त्यानं आमच्या दारात येऊन पुकारावं तेही.

तो ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, "किसका नाम लूँ? झूठ तो नहीं बोलूँगा, बाईसाहेब."

"नाव कुणाचंच नको," मी म्हटलं. "फक्त बोलावणं आहे म्हणा. कचेरीत हजर व्हा म्हणा. ते तर खरंच आहे."

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. "लाल अंगरखा अभी रखा है मेरे पास. सोटा भी." मग घाईनं म्हणाला, "लेकिन तीन के पहले छोड़ देना. घंटी मैं ही बजाता हूँ."

शुक्रवारी सगळे जेवून उठल्यावर मी पेटीखालचा कागद काढला आणि मुलीच्या दौतीनं भरला. नाव, वडिलांचं नाव, खातं, हुद्दा. माझं अक्षर चौथीतलं आहे, गोल आणि मोठं. शेवटच्या ओळीपाशी थांबले. हाँ किंवा ना. ते उत्तर माझं नव्हतं. ते ह्यांचं होतं, किंवा ह्यांच्या वडिलांचं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी हाँ लिहिलं. टाक जरा जास्तच दाबला गेला, शाई पाठीमागे उमटली. कागद ह्यांच्या कोटाच्या खिशात ठेवला आणि ह्यांना काही सांगितलं नाही.

शनिवारी हे कचेरीत गेलेच नव्हते. मामंजी म्हणाले होते, आज माणूस येईल, तेव्हा घरात असावं. हे कोट घालून ओसरीवर बसले होते, अगदी भावजी बसले होते त्याच जागी. भावजी शेजारी एक घड्याळ उघडून बसले होते. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली. मी दाराआड उभी होते.

तेवढ्यात बाहेर सोटा जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि मग आवाज आला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, फक्त त्याबद्दल ऐकलं होतं. आधी मामंजींचं नाव, सगळ्या उपाध्यांसकट, मग ह्यांचं, आणि मग, "बोलावणं आहे! कचेरीत हजर व्हावं! आत्ता, याच पावली!"

मराठीत. टॉकीजमध्ये तो माझ्याशी सगळं हिंदीत बोलला होता.

मामंजी आतून आले. अनवाणी आले. दारात लाल अंगरखा बघून जागच्या जागी थांबले. त्यांची हनुवटी हलत होती. सासूबाई मागून म्हणाल्या, "अहो, पण बोलावलंय कुणी?"

"गप्प बसा," मामंजी म्हणाले. "ते विचारायचं नसतं."

तीच गोष्ट मला हवी होती. दरबारात बोलावणं आलं की कुणाचं, कशासाठी, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा. इतकी वर्षं ज्या रीतीनं आमचं घर बुडवलं, तिनंच त्या दिवशी हात दिला.

मामंजींनी स्वतःची पगडी पेटीतून काढून ह्यांच्या डोक्यावर ठेवली. पेटी उचलली तेव्हा माझा जीव गेला, पण खाली कागद नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "जा, बाळ," ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी? माणूस येणार."

टांगा मास्तरीणबाईंनी कोपऱ्यावर उभा करून ठेवला होता. चोबदार ह्यांच्यासोबत गेला. कोपऱ्यावर अंगरखा काढून, काखोटीला मारून, धावत टॉकीजला पोचला असं नंतर कळलं. त्या दिवशी घंटा दोन मिनिटं उशिरा झाली म्हणे. नव्या मालकानं त्याला सुनावलं.

हे पाच वाजता परत आले. पगडी हातात होती. कचेरीतले लोक पगडी बघून काय म्हणाले ते ह्यांनी सांगितलं नाही, पण कान लाल होते. मामंजींना वाकून सांगितलं, "काम झालं, आबा." मामंजींनी एवढंच विचारलं, "बसायला कुठे दिलं?" हे म्हणाले, "पुढे." मला नंतर कळलं की रांगेत शेवटून तिसरे उभे होते.

मी चहा घेऊन गेले. ह्यांनी कप घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे."

मी मान खाली घातली. दहा वर्षांच्या संसारात त्यांनी माझी केलेली ती पहिली तारीफ, आणि तीसुद्धा चोरीच्या मालाची.

महिनाभरात नाव लागलं. भोपाळ. मामंजींनी सगळ्या माधवगंजात सांगितलं की मुलाला खास बोलावून घेतलं, चोबदार पाठवून. लोक ऐकून घेत. काही जण दर रविवारी त्याच चोबदाराकडून तिकीट फाडून घेत होते, तेसुद्धा ऐकून घेत. मामंजींच्या तोंडावर कुणी हसलं नाही, एवढं मात्र मी माधवगंजाचं ऋण मानते.

जायचा दिवस ठरला. घरच्यांनी स्टेशनवर निरोप द्यायला यायचं ठरलं. आम्ही तिघं सामानाबरोबर आधी जाणार होतो, कारण आम्ही लहान मानाचे. सासूबाई आणि जाऊबाई मागून, आणि मामंजी शेवटी. निघताना मामंजींनी मला विचारलं, "सूनबाई, गाडी कितीची?"

मी खरी वेळ सांगितली.

प्लॅटफॉर्मवर गजक, म्हणजे तिळगुळाच्या वड्या, विकणारा दोनदा आमच्या डब्यावरून गेला. मुलगी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणत होती, "आजोबा अजून का नहीं आए?" हे दाराशी उभे राहून पुलाकडे बघत होते. शिट्टी झाली. गाडी हलली. मी खिडकीतून मागे बघितलं नाही.

आठ दिवसांनी क्वार्टरमध्ये मामंजींचं पत्र आलं. आम्ही सगळे स्टेशनवर आलो होतो, गाडी आमच्या आधीच सुटली, नव्या सरकारला कुणासाठी थांबायचं हे अजून कळत नाही, असं लिहिलं होतं. खाली सासूबाईंच्या तोंडची एक ओळ होती. त्यांनी माझ्यासाठी दशम्या आणल्या होत्या, त्या परत नेऊन गाईला घातल्या.

गाडी तासभर आधीची आहे असं सांगितलं असतं, तर सगळे भेटले असते. इतकी वर्षं त्या घरात काढल्यावर एवढी अक्कल मला नक्कीच होती. पण मी नाही सांगितलं. मला वाटलं, एकदा तरी त्यांना कळू दे की आपण पोचायच्या आधी काय काय होऊन जातं.

त्यांना कळलं नाहीच. दशम्या मात्र माझ्या गेल्या.